दोर पेलते ना?

लिफ्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती गणितात. मॅट्रिकच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक माणूस लिफ्टमध्ये उभा होता, लिफ्ट अमुक त्वरणानं वर निघाली होती, आणि तिच्या दोरावर ताण किती पडेल ते आम्हाला काढायचं होतं. मारेगावच्या शाळेतल्या आमच्या वर्गात कुणीही लिफ्ट पाहिलेली नव्हती. सरांनी तरी पाहिली होती की नाही, देव जाणे. देव सोडून इतकी वर्षं झाली तरी 'देव जाणे' काही माझ्या तोंडातून जात नाही.

सर नागपूरकडचे, घरात दोन पिढ्या कारकुनी. शिकवताना खडूचा तुकडा कानावर अडकवून ठेवायचे. ते म्हणाले, "लिफ्ट सोडा. विहिरीतून बादली काढता ना? बादली शांत लोंबकळते तेव्हा दोरावर नुसता तिचा भार. पण झटक्यानं वर ओढली तर? भार अधिक झटका. दोर तुटतात ते अशा वेळी."

वर्गातल्या मुलांनी ते उतरवून घेतलं. मी मात्र लिहायची थांबले. त्या दिवसांत माझा बा रोज सकाळी एका दोराला लटकून विहिरीत उतरत होता.

ती विहीर आमच्या वस्तीची. नागपूरला जाऊन धम्म घेतल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, आणि गावानं आम्हाला पाणी वाढायचं बंद केलं. त्याआधी आमच्या बाया गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतून मिळायचं. ते बंद झाल्यावर नाल्यात झिरे खणून, वाटीवाटीनं घागर भरायची. दोन-तीन उन्हाळे असे काढल्यावर बा म्हणाला, आपली विहीर आपण खणू. सगळ्यांना पटलं. आज त्या विहिरीवर मोटरपंप आहे आणि नातवंडांना वाटतं, ती तिथं पहिल्यापासून होतीच.

संक्रांतीनंतर, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की माणसं मोकळी झाली, तेव्हा काम सुरू झालं. वरची काळी माती चटकन निघाली. मग मुरूम, मग खडक. खडक लागल्यावर पद्धत अशी होती: विहिरीच्या तोंडावर दोन खांबांवर चाक बसवलेलं, चाकावरून दोर, दोराचं एक टोक आत आणि दुसरं बैलजोडीच्या जुवाला. बैल पुढं चालले की आतलं टोक वर यायचं, मागं सरकले की खाली जायचं. खाली फोडलेले दगड टोपल्यातून असेच वर यायचे. आणि माणसंही अशीच जायची-यायची, दोराला आडवं दांडकं बांधून त्यावर बसून. पहिला उतरणारा आणि शेवटी वर येणारा कायम बा असायचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंच तसं ठरवलं होतं.

विहिरीला नारळ फोडला नव्हता. पूर्वी आमच्याकडे विहिरीत पाय टाकण्याआधी साती आसरांना, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात जणींना, हळदकुंकू वाहून, हात जोडून, मग उतरायचे. आता प्रतिज्ञा घेतलेल्या. बा त्या बाबतीत फार कडक. मायनं एकदा नुसतं म्हटलं, "एखादा नारळ फोडला तं काय बिघडते?" तर बा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. माय घाबरायची, आणि तिच्या घाबरण्याला आता कुठं न्यायची सोयच उरली नव्हती. भांडी घासता घासता ती मध्येच थांबून विहिरीच्या दिशेला बघायची, एवढंच.

एक गोष्ट मात्र देव गेले तरी राहिली होती. पाणी लागेपर्यंत बाईमाणसानं विहिरीजवळ जायचं नाही, गेलं तर पाणी आटतं. हे कुठल्या प्रतिज्ञेत बसत होतं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी वस्तीच्या टोकाच्या बाभळीपर्यंत जायची आणि तिथून बघायची. तिथून बैल दिसायचे, चाक दिसायचं. बा दांडक्यावर बसला की त्याचं पागोटं दिसायचं, मग तेही दिसेनासं व्हायचं.

त्या संध्याकाळी मी लिफ्टचं गणित घरी पुन्हा मांडलं, पण लिफ्टमधल्या माणसाच्या जागी बाला बसवून. बा हंगामात बाजारात कापसाची हमाली करायचा तेव्हा कुणीतरी गमतीनं त्याला काट्यावर बसवलं होतं आणि तो पावणेदोन मण भरला होता. म्हणजे अंगावरची माती, ओलं धोतर धरून दीडशे पौंड. बैलांचं त्वरण मी मनानंच चार धरलं. गुरुत्वाकर्षणाचे बत्तीस अधिक चार छत्तीस, गुणिले दीडशे. उत्तर आलं पाच हजार चारशे.

पाच हजार चारशे पौंड! मी ते पुन्हा केलं, पुन्हा तेच. एवढं वजन आमच्या त्या दोरावर? गाडाभर कापूस एवढा भरत नाही. मला रडू फुटलं. मायनं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, पेपराची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाटी सरांपुढं धरली. त्यांनी वाचलं आणि मोठ्यानं हसले. "अगं, हे पाउंडल आलं, ते छोटं माप. पौंडात आणायला बत्तीसनं भागायचं राहिलं की!" भागलं. एकशे अडुसष्ट आणि वर थोडं. मलाही हसू आलं. तेव्हा सगळ्या देशात शेर जाऊन किलो आले होते, पैसेही नवे आले होते, आणि आमच्या पुस्तकात मात्र इंग्रजांचे पौंड, पाउंडल, फूट सगळे तसेच बसून होते. ती चूक तेव्हा वर्गात निम्म्यांची व्हायची. पण निम्म्यांचा बा दोराला लटकत नव्हता.

जाता जाता मी सरांना विचारलं, "पण सर, बैल बुजले आणि त्यांनी हिसका दिला तर?"

सरांनी कानावरचा खडू काढला, परत अडकवला. "हिसक्याला आकडा नसतो," ते म्हणाले. "म्हणून दोर निदान दुप्पट भार पेलणारा घ्यावा. कशासाठी विचारतेस?"

मी म्हटलं, सहज.

तिथून पुढं माझं जे काही झालं त्याला मी अजून अभ्यास म्हणू शकत नाही. पुस्तकातलं प्रत्येक गणित त्या विहिरीत जाऊन पडायला लागलं. टेकडीवरून घरंगळणारा गोटा, मनोऱ्यावरून सोडलेला दगड, सगळ्यांच्या जागी मला बा दिसायचा. आमच्याकडे विहिरीची खोली पुरुसांनी मोजतात, म्हणजे एकावर एक किती माणसं उभी राहतील त्यानं. विहीर तेव्हा सहा पुरुस झाली होती. एक पुरुस सहा फूट धरला की छत्तीस फूट. छत्तीस फुटांवरून पडणारी वस्तू तळाशी पोचताना सेकंदाला अठ्ठेचाळीस फूट वेगानं पोचते. इतकं नेमकं, पूर्ण वर्गमूळ निघालं की एरवी मला आनंद व्हायचा. मी मैलात काढून पाहिलं तर मारेगावहून वणीला जाणारी मोटार काही त्याहून जोरात धावत नव्हती. मग पुढचा धडा ऊर्जेचा. वर असलेल्या वस्तूत उंचीमुळे ऊर्जा साठलेली असते आणि पडताना ती नाहीशी होत नाही, नुसतं रूप बदलते. ते रूप तळाच्या खडकावर काय होऊन बाहेर पडेल, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मला ते लिहिल्याशिवाय दिसत होतं. मी पुस्तक मिटायची.

खरं सांगायचं तर शिकण्याचा मला तेव्हा राग आला होता. न शिकलेल्या मायला आसरांची भीती होती, ती निदान नारळानं भागली असती. माझी भीती कशानं भागणार? पुस्तकातल्या दोराला किती भार पेलतो ते गणितातच दिलेलं असतं. आमचा दोर किती पेलतो हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाभळीखालून मला एवढंच दिसायचं की चाकावरून जाणारा त्याचा भाग काळपट आणि केसाळ झालाय.

आणि बोलायचीही सोय नव्हती. उतरणाऱ्या माणसाच्या घरात बसून 'दोर तुटेल' हे शब्द उच्चारायचे? आमच्याकडे विहिरीच्या कामात 'पडला' म्हणत नाहीत, दोर संपला तरी 'वाढवा' म्हणतात, 'तुटला' तर कुणी उच्चारतच नाही. मी सांगितलं आणि खरंच काही झालं, तर ते माझ्या तोंडानं झालं, असंच सगळे म्हणणार. मलासुद्धा तसंच वाटलं असतं.

शेवटी एका सकाळी मी बाभळीखाली असताना बैल थोडे बिचकले, चार पावलं भरकन पुढं गेले. आत बा होता. चाक करकरलं, आणि दोराचा तो केसाळ भाग चाकावरून जाताना त्यातला एक पदर सुटून हवेत उभा राहिला. बा हसत वर आला. त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही.

रात्रीची भाकर वाढल्यावर मी म्हटलं, "बा, उद्या नको उतरू."

"काहून व?"

"दोर तुटन."

मायनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात. "काय बोलून राह्यली, पोरी! सांजच्या पारी!"

बानं भाकरीचा घास तसाच धरला. त्याचा आवाज चढला. "देवाले नाई भ्यालो, आता दोराले भेऊ? कोनं सांगतलं तुले?"

"पुस्तकात हाये. बैलानं झटका देल्ला की दोरावर तुह्या वजनाहून जास्त भार येते. दुपटीवरबी जाते. आपल्या दोराचा एक पदर सुटला, म्या पाह्यला."

माय भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, बा आता ताट सरकवून उठणार. तो उठला नाही. हातातला घास खाल्ला आणि म्हणाला, "दुप्पट म्हंजे किती?"

"दोन मानसं. तुह्याएवढी."

दुसऱ्या दिवशी त्यानं कुणाला खाली उतरू दिलं नाही. दांडक्याच्या जागी त्यानं मोठे दगड बांधायला लावले, दोन माणसांच्या भाराचे, आणि थोडेसे आत सोडले. का, ते कुणाला सांगितलं नाही. मी बाभळीला धरून उभी होते. बैल दोर ताणून शांत उभे होते. बानं मागून जाऊन एका बैलाच्या पुठ्ठ्यावर सपकन थाप मारली.

बैल उसळले. मला आधी बैल गुडघ्यावर आलेले दिसले, कारण ज्याला ते ओढत होते ते एकाएकी उरलंच नव्हतं. मग दोराचं टोक चाकावरून सुटून हवेत फटकारलेलं दिसलं. आणि मग, काही क्षण गेल्यावर, विहिरीतून आवाज आला. मला तो अजून ऐकू येतो. खडकावर दगड फुटल्याचा आवाज, आणि त्यामागून विहिरीच्या भिंतींतून घुमत वर येणारा दुसरा.

मी बाभळीखाली बसले. मला वाटलं होतं की तुटला तर सुटका वाटेल, आपलं खरं झालं म्हणून. तसं काही वाटलं नाही. मला दिसत होतं ते दांडकं, त्यावर बसलेला बा आणि आदल्या सकाळचा तो सुटलेला पदर.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मायनंच घाबरून शेजारणीला सांगितलं असावं. दुपारपर्यंत वस्तीत झालं की पोरीनं रात्री 'तुटन' म्हटलं आणि सकाळी तुटला. वस्तीतले एक म्हातारबा, ज्यांना सगळे मानायचे, आमच्या दारात येऊन उभे राहिले. "पोरीची जीभ बरी नाई," ते म्हणाले. "तिले इहिरीच्या बाजूले येऊ देऊ नोका. बाभयीखालून पाह्यते म्हने रोज." माय आत रडायला लागली. मीही घाबरले, कारण मला त्यांचं थोडं पटतच होतं.

बा बाहेर आला. म्हणाला, "चाला सगळे इहिरीवर. " मग माझ्याकडे वळून, "बाई, तूबी चाल."

"मी?"

"तू."

मी विहिरीच्या काठावर पहिल्यांदा पाय ठेवला तो असा. दोघा-तिघांनी तोंडं फिरवली. बानं वर काढलेल्या खडकाची एक सपाट चीप पुढं ओढली आणि चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला. "ह्या समद्याईले हिशोब मांडून दाखव. जसा शाळेत मांडते तसा."

पहिला आकडाच वाकडा आला. मी दीडशे मांडले, मग बत्तीस, मग चार, गुणाकार केला, आणि या वेळी बत्तीसनं भागायला विसरले नाही. मग झटका वाढवत गेले. चार, आठ, सोळा, बत्तीस. उत्तर वाढत जाऊन दुपटीवर आलं तेव्हा मी थांबले आणि तुटलेल्या दोराचं टोक दाखवलं. कळलं कुणाला किती, मला माहीत नाही. पण सगळ्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. बा म्हणाला, "हे तिच्या जिभीचं नाई, हिशोबाचं हाये. आपन देव सोडले ते काय पोरीच्या जिभीले भ्यासाठी?" म्हातारबा घरी गेले. पण त्यानंतर त्यांनी मला विहिरीवर कधी अडवलं नाही.

वस्तीनं अंबाडीचा नवा दोर वळला, आधीच्यापेक्षा जाड. त्यालाही आधी दगड बांधून झटके दिले. पेलला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नाही. नव्या दोराच्या पहिल्या सकाळी बा दांडक्यावर बसण्याआधी माझ्याकडे वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, दोर पेलते ना?"

मी दोर हातातून सरकवत बघितला. नवाच होता. "पेलते," म्हटलं. तो उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेत जायच्या आधी मला विहिरीवर जाऊन दोर टोकापासून टोकापर्यंत बघायचा आणि ते एक वाक्य म्हणायचं. 'तुटेल' म्हणताना माझी जीभ जड झाली होती, पण 'पेलतो' म्हणताना जे व्हायचं त्यापुढं ते काहीच नव्हतं. पेलतो म्हणजे काय? मी आत बघू शकत होते का, कुठला धागा आज कुजला ते? काल रात्री दव पडलं, दोर ओला आहे, ओल्या दोराचं गणित पुस्तकात नव्हतं. सबंध दिवस शाळेत बसून मी वाट बघायची, कुणी दारात येऊन मला बोलावतं का. दारात शिपाई जरी दिसला तरी मी दप्तर आवरायला लागायची. कधीकधी मला बाचा संताप यायचा. स्वतः कशाला घाबरत नाही आणि माझ्या जिवाला घोर लावून ठेवला, असं वाटायचं.

चैतात परीक्षा आली. केंद्र पांढरकवड्याला होतं, तिथं मावशीकडे राहायचं. निघताना मी दोर दोनदा बघितला. "पेलते, बा," म्हटलं. "पन पेपर होतवर नको उतरू." बा नुसता हसला. मी मोटारीत बसले तेव्हा मला खात्री होती की उद्या सकाळी तो उतरणार.

विज्ञानाच्या पेपरात लिफ्ट आलीच. माणूस थोडा जास्त वजनाचा होता, बाकी तेच. खाली दोर किती भार पेलतो ते दिलेलं होतं आणि विचारलं होतं, दोर हा ताण सहन करेल का? मी हिशोब केला. करेल, असं उत्तर होतं. मला ते लिहिता येईना. पेन कागदावर टेकवून मी कितीतरी वेळ बसून होते. घंटा होताना घाईघाईनं 'होय' लिहिलं आणि बाहेर येऊन हौदावर तोंड धुतलं.

परत आले तेव्हा मोटारीतून उतरून घरी न जाता मी आधी विहिरीवर गेले. बैल सोडलेले होते. टोपली पालथी पडलेली. मग चाकाच्या खांबाला टेकून बसलेला बा दिसला. धोतर कोरडं होतं.

"उतरला नाई?"

"नाई."

"एकबी दिवस?"

"नाई. समदे बोंबलून राह्यले. पानी जवळ आलं म्हनतात."

"मी सांगून गेलती ना, पेलते म्हनून."

"त्या दिसाचं सांगून गेलती." तो हातातली काडी मोडत होता. "पहिले कसं होतं, बाई, उतराच्या आंधी आसराले हात जोडाचे. तिच्यावर सोपून द्याचं. ते आपन सोडलं, ते बराबरच केलं. पन भेव सुटलं नाई. हे भोक पाह्यलं की माह्ये पाय अजून कापतात. आत पाय टाकाच्या आंधी कोनाले तरी इचारा लागते ना? मंग मी तुले इचारतो."

तोपर्यंत मी समजत होते की त्या वस्तीत घाबरणारी मी आणि माय, दोघीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवला. जिथं चाक घासतं तिथं पुन्हा मागं येऊन बघितलं. माणसं खोळंबली होती. बा दांडकं धरून उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पेलते," मी म्हटलं.

तो बसला, आणि बैल मागं सरकायला लागले.